सूत्रात साडू बसत नाही

सपाट रस्त्याच्या वळणावर गाडी जास्तीत जास्त किती वेगाने न्यावी, याचं एक सूत्र आहे. वेगाचा वर्ग म्हणजे घर्षणांक गुणिले वळणाची त्रिज्या गुणिले गुरुत्वत्वरण. संपलं. बारावीच्या पोरांना मी ते उभी हयात शिकवलं. फळ्यावर लिहायचं, खाली दोन रेघा मारायच्या आणि खडूचे हात झटकायचे. उजवीकडे मोजून तीन गोष्टी. त्यात चालवणाऱ्याचा अनुभव नाही, गाडीचा हप्ता नाही, हॉर्नचा आवाज नाही आणि पुढे लटकवलेलं लिंबू-मिरचीही नाही. आणि आपल्याकडे घाट उतरला जातो तो नेमका या चार गोष्टींच्या भरवशावर.

आमच्या घरात या विषयातलं माझं स्थान जरा नाजूक आहे. "यांना वळणाचं सगळं गणित येतं, म्हणून तर यांना वळणावर गाडी चालवता येत नाही," असं आमची सौभाग्यवती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगते. मी घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. माझ्या मागे जी रांग लागते तिला काहीजण मिरवणूक म्हणतात. त्यामुळे गणपतीत पुण्याहून चिपळूणला सासुरवाडीला जायचं ठरलं की गाडी माझी निघत नाही, साडूची निघते. उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. पाऊस भाद्रपदातला, म्हणजे काचेवर बादलीने ओतल्यासारखा. साडू म्हणतात, "सर, काळजी सोडा. या घाटात आपला हात बसलाय." त्यांचा हात बसलेला असतो आणि शेजारच्या सीटवर माझी पाचावर धारण बसलेली असते.

मागे सासूबाई खिडकीपाशी, मधे आमची ही, पलीकडे मेहुणी. अगदी मागे सामान आणि भाचा. भाचा नुकताच इंजिनिअरिंगला गेला आहे, म्हणजे त्याला अजून सगळं येतं.

साडूंचा पहिला मुद्दा वजनाचा. "आपली गाडी जड आहे, सर. रस्त्याला चिकटून चालते. तुमच्या डबीचं वेगळं. ती उडणारच."

या मुद्द्यावर अर्धा महाराष्ट्र साडूंच्या बाजूने आहे. जड गाडी बसते, हलकी गाडी उडते. कोयनानगरला चहाला थांबलो तेव्हा वडापावच्या कागदाची तेल न लागलेली बाजू मी पुढे ओढली. जड गाडीला घर्षण जास्त मिळतं हे खरं आहे. घर्षण दाबाच्या प्रमाणात वाढतं, हे १६९९ साली गियोम आमाँताँ या फ्रेंच गृहस्थांनी मांडून ठेवलंय. पण जड गाडीला वळवायलाही त्याच प्रमाणात जास्त बळ लागतं. समीकरणाच्या डाव्या बाजूला वस्तुमान, उजव्या बाजूला वस्तुमान. दोन्हीकडचा एम कटतो. वर्गात हा एम कापताना पोरं सगळ्यात खूश असायची, कारण तेवढं एक अक्षर कमी पाठ करावं लागे.

मी रेघ मारून एम कापला.

"कापला म्हणजे?" साडू म्हणाले. "अहो, अजून हप्ते चालू आहेत त्याचे!"

"रिक्षा असो नाहीतर तुमची ही गाडी, टायर आणि रस्ता सारखेच असतील तर घसरायचा वेग दोघांना एकच."

"रिक्षा?" साडूंनी कप खाली ठेवला. त्या क्षणी त्यांच्या मनातून भौतिकशास्त्र कायमचं उतरलं. ज्या शास्त्रात रिक्षा आणि आपली गाडी एका ओळीत बसतात, त्या शास्त्रावर माणसाने काय म्हणून विश्वास ठेवावा?

मी गणित पुढे रेटलं. अगदी आवळ वळण घेऊ, त्रिज्या १५ मीटर. कोरडा, चांगला डांबरी रस्ता, घर्षणांक, म्हणजे सूत्रातला म्यू, ०.७. गुणाकार केला, वर्गमूळ काढलं. उत्तर दहा.

"दहा?" साडू हसले. "दहाने काय बैलगाडी हाकू?"

"दहा मीटर दर सेकंदाला. ताशी किलोमीटर हवे तर ३.६ ने गुणा. छत्तीस."

"मग आधी सांगायचं ना. घाबरवता उगाच."

"हे कोरड्याचं. ओल्या रस्त्याला घर्षणांक ०.४ धरला तर साडेसत्तावीस. त्यावर चिखल नि सांडलेलं डिझेल असेल, म्हणजे ०.२, तर साडेएकोणीस."

साडूंनी कागद हातात घेऊन नीट पाहिला. भाजीवालीकडे भाव करताना चेहरा होतो तो चेहरा करून म्हणाले, "तुम्ही म्यू फार कमी धरलाय."

"मग तुम्ही किती धरता?"

"आपला म्यू चांगलाय."

यावर काही बोलण्यासारखं उरत नाही. रस्ता सार्वजनिक, पाऊस सार्वजनिक; म्यू मात्र ज्याचा त्याचा खाजगी. प्रत्येक माणूस मनाशी एक म्यू धरून घाटात शिरतो आणि तो सहसा शेजाऱ्याच्या म्यूपेक्षा जास्त असतो. मी साडेएकोणीसचा आकडा पुन्हा एकदा पाहिला आणि मनातल्या मनात माझा वीसचा वेग अठरावर आणला.

हा म्यू राहतो कुठे, हेही मी एकदा सांगायचा प्रयत्न केला. एवढी मोठी गाडी, पण रस्त्याला ती टेकते ती प्रत्येक टायरखालच्या तळहाताएवढ्या जागेत. चार तळहात जमीन. त्यावर सासूबाई, सामान, गणपतीचं मखर आणि साडूंचा आत्मविश्वास. शिवाय एक गंमत अशी, की टायर न घसरता फिरत असला की त्याचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणापुरता रस्त्याच्या दृष्टीने स्थिर असतो. म्हणून आपल्याला मिळतं ते स्थितिक घर्षण. टायर घसरायला लागला की गतिक घर्षण. ते कमी असतं. म्हणून एकदा सुटलेली गाडी सहजासहजी परत सापडत नाही.

"म्हणजे टायर स्थिर असतो?" साडूंनी विचारलं.

"टेकलेला भाग. त्या क्षणी."

"ऐका!" ते मागे वळून म्हणाले. (वळणावर मागे वळून बोलणं हा त्यांचा आणखी एक बसलेला हात.) "सर स्वतः सांगतायत, गाडी थांबलेलीच आहे. आणि हेच घाबरतात!"

टायरवरची नक्षी साडूंच्या गाडीला पूर्वी होती. आता तिथे गुळगुळीत रबर आहे. नियमाप्रमाणे मोटारीच्या टायरची खाच निदान १.६ मिलिमीटर खोल हवी. साडूंचा नियम 'अजून एक सीझन निघेल' असा आहे, आणि हा सीझन गेले कित्येक सीझन निघतो आहे. मी बोट ठेवलं, तर भाचा पुढे सरसावला. "काका, रेसिंगच्या गाड्यांना नक्षी नसतेच. कोऱ्या टायरला ग्रिप जास्त."

पोरगं बरोबर बोलत होतं, हाच त्यातला धोका. कोरड्या ट्रॅकवर सपाट टायर जास्त रबर रस्त्याला लावतो आणि जास्त धरतो. पण खाचा असतात त्या पाण्याला बाहेर पडायला वाट म्हणून. वाट नसली की पाणी टायरखाली अडकतं आणि गाडी रस्त्यावरून उठून पाण्यावर चालू लागते.

"आणि पाऊस आला की शर्यतवाले काय करतात?" मी विचारलं.

"टायर बदलतात," भाचा म्हणाला.

"मग? तुझे बाबा काय करतात?"

साडूंनीच उत्तर दिलं. "आपण चहाला थांबतो."

चहा झाला, गाडी निघाली, आणि पहिल्याच मोठ्या वळणावर मागच्या सीटवर भांडण पेटलं. गाडी डावीकडे वळली, सगळे उजवीकडे गेले.

"अगं, अंग काय टाकतेस माझ्यावर?" सासूबाई लेकीला म्हणाल्या.

"मी कुठे टाकते? ताई ढकलतेय."

"मी? मला तर पिशवी ढकलतेय!"

पिशवीने बाजू मांडली नाही. मी सांगितलं, "कुणीच कुणाला ढकलत नाहीये. तुम्ही सगळ्याजणी सरळच जाताय. गाडी तुमच्याखालून वळतेय." शरीराला सरळ जायची सवय असते. गाडीचं दार मधे येतं आणि शरीराला आत ढकलतं, आणि आपल्याला वाटतं आपण दारावर आपटलो. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूच्या या ओढीचं गणित ख्रिश्चन हायगेन्सने १६५९ सालीच मांडलं होतं. पुढे न्यूटनने सगळ्याचीच नीट व्यवस्था लावली. तरी आमच्या मागच्या सीटपर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "जावईबापू, तुमचं सगळं खरं. पण माझ्या पायावर पाय कुणाचा पडला?"

न्यूटन इथे गप्प बसतो. मग पुढच्या वळणावर गाडी उजवीकडे गेली, सगळे डावीकडे आले, आणि पाय कुणाचा या प्रश्नाचं उत्तर उलट बाजूने मिळालं. खिडकीवरच्या कडीला धरायची एक स्पर्धा असते, तीही सुरू झाली. डॅशबोर्डवरचा चिकटवलेला गणपती तेवढा जागचा हलला नाही. त्याच्या शेजारचा लाडवांचा स्टीलचा डबा मात्र या टोकाहून त्या टोकाला जात होता. मी त्या डब्यावर नजर ठेवून होतो. स्टीलचा डबा प्लॅस्टिकवरून सरकायला लागला, म्हणजे वळण बऱ्यापैकी जोरात घेतलं गेलंय, हे वेगाच्या काट्याकडे न बघताही कळतं. इतकं स्वस्त उपकरण प्रयोगशाळेत मला कधी मिळालं नव्हतं. साडूंनी एका हाताने डबा धरला आणि म्हणाले, "बघा, आता नाही सरकत."

तेवढ्यात आमच्या हिला गाडी लागली. घाटात गाडी लागणं हा आमच्या खानदानाचा वारसा आहे. डोळे समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत सांगतात की आपण स्वस्थ बसलोय. कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे फेकले जातोय. मेंदू दोघांचं ऐकून घेतो आणि निकाल पोटाकडे पाठवतो. चालवणाऱ्याला बहुधा गाडी लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधी कळलेलं असतं. म्हणून सगळे चालक म्हणतात, "काही होत नाही, मनाचे खेळ असतात." गाडीत आलेपाक फिरला, लिंबू फिरलं, 'लांब बघ, लांब बघ' झालं. बाहेर धुकं होतं. लांब काही नव्हतंच. शेवटी गाडी थांबवावी लागली, आणि वेग शून्य असताना घाट किती सुंदर दिसतो ते सगळ्यांनी पाहिलं.

तिथून निघताना वेळ भरून काढायचा म्हणून साडूंनी 'जरा' वाढवली. सगळ्या घोळाची गंगोत्री हा 'जरा' आहे. सूत्रात वेगाचा वर्ग आहे, आणि वर्गाला 'जरा' समजत नाही. चाळीसचे साठ केले की माणूस म्हणतो दीडपट केलं. वळण म्हणतं, सव्वादोन पट घर्षण आणा. वेग दुप्पट केला की चौपट. आणि एवढं आणून मिळवायचं काय? दहा किलोमीटरचा घाट तीसने उतरला तर वीस मिनिटं लागतात, चाळीसने उतरला तर पंधरा. वाचली पाच मिनिटं. खाली पोफळीला उतरल्यावर साडू गाडी लावतात, आळस देतात, कुठल्याशा ओळखीच्या माणसाला फोन लावतात आणि पाऊण तास त्याला सांगतात की आपण घाट किती लवकर उतरलो.

वळण सुरू झाल्यावर ते जास्त आवळ आहे, हे लक्षात येण्याचा एक क्षण असतो. त्या क्षणी सर्वांचा उजवा पाय एकच गोष्ट करतो. माझा पाय शेजारच्या सीटवरूनही करतो. तिथल्या मॅटला त्या जागी भोक पडलंय. वळणाच्या मध्यात कचकन ब्रेक. टायरकडे जे घर्षण आहे तो महिन्याचा पगार समजा. त्यातूनच वळायचं, त्यातूनच थांबायचं. सगळा पगार वळण्यावर खर्च झालेला असताना ब्रेक दाबला की पैसे यायचे कुठून? गाडी उधारीवर जाते, आणि घाटात उधार देणारा दरीच्या बाजूला बसलेला असतो. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना.

"एबीएस आहे काका," मागून भाचा. आहे. २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीचंच आहे. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, म्हणजे थोडा पगार स्टिअरिंगसाठी हातात शिल्लक ठेवतं. पगारवाढ देत नाही. हे ऐकून साडू पहिल्यांदाच गंभीर झाले. नोकरदार माणूस आहे, पगारवाढीचा मुद्दा बरोबर लागला.

पण भाच्याकडे हुकमाचं पान होतं. "काका, जत्रेतला मौत का कुआँ? तिथे उलट आहे. जितका वेग जास्त तितकं सेफ. स्लो झाला की पडला!"

अख्ख्या गाडीने माझ्याकडे पाहिलं. हे सुद्धा बारावीच्या पुस्तकात आहे, आणि मीच शिकवत असे. उभ्या भिंतीवर फिरणाऱ्या मोटारसायकलला भिंत आत ढकलते, त्या दाबातून घर्षण मिळतं आणि ते वजनाला वर धरतं. वेग कमी झाला की दाब कमी, घर्षण कमी, माणूस खाली. पाच मीटर त्रिज्येच्या विहिरीत, घर्षणांक ०.५ धरला तर ताशी छत्तीसच्या खाली जाऊन चालत नाही. पोराचं सगळं बरोबर. फक्त एक फरक.

"विहिरीला बाहेरच्या बाजूला भिंत असते," मी म्हटलं. "आपल्या बाहेरच्या बाजूला काय आहे ते खिडकीतून बघ."

त्याने बघितलं. धुकं तेवढ्यापुरतं विरळ झालं होतं. पुढची काही वळणं तो आजीशी गणपतीच्या नैवेद्याबद्दल बोलत होता.

रस्त्याची बाजूही मांडली पाहिजे. वळणावर रस्ता बाहेरच्या अंगाने उचललेला असतो, म्हणजे रस्त्याचा उतारच गाडीला थोडा आत ढकलतो आणि घर्षणावरचा भार हलका होतो. इंडियन रोड्स काँग्रेस ही १९३४ सालची संस्था आहे. रस्ता कसा असावा याचे नियम ती लिहिते. डोंगरातलं हेअरपिन वळण आखायचं तर आतल्या बाजूची त्रिज्या निदान १४ मीटर, उचल दहाला एक, आणि वेग धरायचा ताशी किमान २० किलोमीटर. वीस! हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा माझा ऊर भरून आला. मागे रांग लावणारा मी एकटा नव्हतो, माझ्यामागे एक अख्खी संस्था उभी होती. शिवाय आडव्या घर्षणाचा हिशेब ते फक्त ०.१५ धरून करतात. साडूंच्या म्यूचा त्यांना पत्ताच नाही.

मी हे अभिमानाने सांगितलं. "इंडियन रोड्स काँग्रेस वीस म्हणते."

"सर," साडू म्हणाले, "हल्ली काँग्रेसचं कोण ऐकतं?"

अर्थात कागदावरची उचल रस्त्यावर राहतेच असं नाही. दरवर्षी खड्डे बुजवता बुजवता काही वळणांचा उतार पार उलटा होतो, आणि रस्ताच गाडीला बाहेरची वाट दाखवतो. वळणाच्या तोंडाशी पिवळा बाणांचा फलक असतो. त्याच्यावर कुठल्या तरी युवा नेतृत्वाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असतो. तरुण नेता हसत हात जोडून ज्या दिशेला बघत असतो, तिकडे दरी असते. अनोळखी माणसाने फलक शोधावा की शुभेच्छा द्याव्यात?

श्रद्धेचं मात्र मी वाईट बोलणार नाही. नवीन गाडीच्या टायरखाली लिंबू ठेवून ते चिरडतात. लिंबाच्या रसाने घर्षण कमीच होतं, पण ते शोरूमच्या दारात, घाटात नाही. बोरघाटात जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, अशी त्याची कथा सांगतात. जाणारे-येणारे चालक तिथे नाणं टाकतात. नाणं टाकायचं म्हणून काच खाली होते, पाय ब्रेकवर येतो, वेग उतरतो. जो देव वेगाचा वर्ग कमी करतो, तो भौतिकशास्त्राला पूर्णपणे मान्य आहे.

परतीच्या प्रवासात साडूंनी माझा बदला घेतला. सासुरवाडीहून निघताना गाडीच्या टपावर तांदळाचं पोतं चढलं, नारळ चढले, मोठमोठ्या काकड्या, कोहळा आणि सगळ्यात वर सासूबाईंनी धाकट्या लेकीला दिलेला दगडी पाटा-वरवंटा. मी म्हटलं, "अहो, एवढं वजन वर?"

साडू याच वाक्याची वाट बघत असावेत. त्यांनी खिशातून तो वडापावचा कागद काढला. जपून ठेवला होता. "हे बघा. एम कापलाय. तुम्हीच कापलाय. वजनाचा संबंध नाही!"

माणसाला आयुष्यभर विद्यार्थी मिळत नाही आणि मिळतो तेव्हा असा मिळतो. वजनाचा संबंध नाही, पण उंचीचा आहे. गाडीचा गुरुत्वमध्य जितका वर, तितकी ती घसरायच्या आधी कलंडायला तयार. चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग आणि गुरुत्वमध्याची उंची यांचं प्रमाण घर्षणांकापेक्षा कमी झालं की गाडी घसरतच नाही, सरळ आडवी होते. उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली वळणावर झोपलेली दिसते ती म्हणून. बुटकी मोटार सहसा तशी झोपत नाही. टपावर पाटा-वरवंटा घेतलेली उंच गाडी मात्र ट्रॉलीच्या बिरादरीत जाऊन बसते.

"म्हणजे पाटा आत घ्यायचा?" साडू.

"हो. खाली, पायाशी."

"कुणाच्या पायाशी?"

पुढच्या सीटवर एकच माणूस बसतो. चिपळूण ते पुणे मी पाट्यावर पाय ठेवून आलो. वरवंटा प्रत्येक वळणावर माझ्या घोट्याला हायगेन्स समजावून सांगत होता.

वाटेत एका ठिकाणी एस.टी. उभी होती. तिचे चालक चहा पीत होते. लालपरी घेऊन रोज हा घाट चढणारा-उतरणारा माणूस. खरा बसलेला हात कुणाचा असेल तर त्यांचा. साडूंनी बरोबरीच्या नात्याने विचारलं, "काय साहेब, ही वळणं कितीने मारता?"

"मारत नाही, घेतो," ते म्हणाले.

"तरी, कितीने?"

"पुढचं जेवढं दिसतं तेवढ्यात थांबली पाहिजे. काटा कोण बघतो?"

"पण एवढ्या सवयीने हात बसला असेल ना?"

"हात बसतो हो. पण रस्ता रोज नवा असतो. काल इथं दगड आलेला, आज म्हशी बसल्यात." त्यांनी चहाचा ग्लास विसळून ठेवला, गाडीत चढले, वळणाच्या बऱ्याच आधी गिअर खाली आणला, लांबलचक हॉर्न दिला आणि तेवढी थोरली बस चक्क माझ्या वेगाने वळली. मी साडूंकडे पाहिलं. साडू टायरकडे पाहत होते.

घरी आल्यावर साडूंनी दोन टायर बदलले. चार नाही, दोन. उरलेल्या दोनांचा अजून एक सीझन निघेल, असं त्यांचं म्हणणं आहे.

तेव्हा वाचकहो, अनुभव, हप्ता, हॉर्न आणि लिंबू-मिरची हे सगळं तुमच्याजवळ असू द्या. फक्त वळणाच्या आधी ब्रेक दाबा, वळणात दाबू नका. पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि तेल वर येतं, तेव्हा नेहमीचा वेग विसरा. टायरची खाच बोटाने चाचपून बघा. जड सामान टपावर नको, खाली ठेवा. अरुंद घाटात वर चढणाऱ्याला आधी जाऊ द्या. तो नियमही आहे. आणि पावसात कुंभार्लीच्या एखाद्या वळणावर तुमच्यापुढे दुसऱ्या गिअरमध्ये अठराच्या वेगाने चाललेली एक छोटी मोटार दिसली, तर कृपा करून मागून हॉर्न वाजवू नका. जागा मिळाली की मी स्वतःच बाजूला घेतो.